एसटी, कॅमेरा आणि जव्हार : एका निवृत्तिछंदाची ओळख

निवृत्तीनंतर कॅमेरा गळ्यात अडकवून सार्वजनिक वाहनाने शहर पालथे घालणे हा छंद मुंबई-पुण्यात फारच सोपा आहे. तिथे एक गाडी चुकली तर मागोमाग दुसरी येते, आणि चुकलेल्या गाडीसाठी कोणी हळहळत बसत नाही. छंदाची खरी कसोटी लागते ती पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला. सुमारे ४५० मीटर उंचीवरचे हे जुने संस्थानी गाव. १९१८ पासून इथे नगरपालिका आहे, म्हणून कागदोपत्री शहर. नुसते गाव बघायचे तर चालत बघून होते. पण जव्हार बघणे म्हणजे गाव बघणे नव्हे. त्यात दाभोसा येतो, भूपतगड येतो, मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ येते, आणि एवढ्या पसाऱ्यात हिंडायला एसटी आहे. एसटी जिथे हात टेकते तिथून पुढे जीप, आणि जीपही जिथे थांबते तिथून पुढे निवृत्त माणसाचे स्वतःचे गुडघे.

महाराष्ट्रात सार्वजनिक वाहन आणि कॅमेरा जवळजवळ जोडीनेच आले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. खिडकीतून बाहेर बघणारा आणि बघितलेले काचेवर उतरवणारा, असे दोन्ही प्रकारचे लोक इथे वर्षभराच्या अंतराने अवतरले. जव्हारला त्यांपैकी कॅमेरा पोचला, आगगाडी नाही. डहाणू-नाशिक रेल्वेची बातमी या भागात अधूनमधून येते. बातमी आली की ती जुनी व्हायच्या आत एखादी नवी येते. गाडी पकडायला अजूनही पालघर, डहाणू, कसारा किंवा नाशिक गाठावे लागते. एसटीचा मात्र जव्हारशी चांगला योग जुळला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सुटली, आणि त्याच वर्षी मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान विलीन झाले. राजे गेले, एसटी आली. आज पालघर विभागाच्या आगारांत जव्हार हे एक आगार आहे, आणि चारी दिशांना जाणाऱ्या गाड्यांच्या मानाने गावातली दुसरी कोणतीही संस्था एवढी लांबवर पोचलेली नाही.

छंदाचा कर्ता म्हणजे निवृत्त माणूस. त्याचे वय ठरवणे वरवर दिसते तितके सोपे नाही. राज्य सरकार आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी निवृत्त करते, बँका ६० व्या वर्षी. एसटीच्या लेखी मात्र माणूस ६५ व्या वर्षी ज्येष्ठ होतो आणि अर्ध्या तिकिटाला पात्र ठरतो. मधली पाच-सात वर्षे तो सरकारला म्हातारा आणि एसटीला तरुण असतो. याच वर्षांत त्याच्या अंगात सर्वाधिक उत्साह आणि खिशात ग्रॅच्युइटी असते, त्यामुळे पूर्ण तिकीट काढायला त्याची हरकत नसावी. हरकत निघते ती शेजारच्या सीटवरून. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागते, वय काहीही असो. म्हणजे जोडप्याचे तिकीट दीड होते, आणि त्या दीडमधला महागडा भाग आपण आहोत हे निवृत्त गृहस्थाला रोज नव्याने कळते. ‘अहो, तुम्ही घरी थांबलात तर तुमच्या तिकिटात मी दोनदा जाऊन येईन,’ हे वाक्य जव्हारच्या गाडीत हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड आहे. पासष्टी गाठली की दोघे अर्ध्याअर्ध्यावर येतात आणि संसारात समता नांदते. पंचाहत्तरी पूर्ण झाली की, २६ ऑगस्ट २०२२ पासून चालू असलेल्या ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेमुळे, प्रवास मोफत. तरी वाहक शून्य रकमेचे तिकीट देतोच. हे तिकीट फेकून देणारा अमृत ज्येष्ठ नागरिक अजून दिसायचा आहे. ते पाकिटात आधारकार्डाच्या मागे घडी घालून ठेवले जाते. ही मोफत सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असल्यामुळे सिल्वासाकडे निघालेला ज्येष्ठ प्रवासी सीमा ओलांडताना पुन्हा पैसे मोजणारा सामान्य माणूस होतो. तिकडच्या फोटोंची संख्या त्यामुळे बेताची असते.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास जणू याच माणसासाठी काढला असावा, पण त्यात एक धोका आहे. पासाचे पैसे आधीच भरलेले असतात, आणि माणूस हिशेबनीसाच्या नोकरीतून निवृत्त झालेला असेल तर पास वसूल करण्याची त्याला इतकी घाई होते की तो गाडीतून उतरतच नाही. जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि परत. कार्डात फोटो असतात ते पुढच्या सीटच्या मागच्या बाजूचे.

आता साधने. हा माणूस ज्या पिढीतला आहे तिने पहिला फोटो आगफाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढला. एका रोलमध्ये बारा फोटो. मग छत्तीसचा रोल आला आणि श्रीमंती आल्यासारखे वाटले, तरी लग्नाला दोन, गणपतीला पाच, बाळाच्या बारशाला चार असे वाटप करूनच ते छत्तीस संपायचे. रोल संपेपर्यंत धुवायला टाकायचा नाही, हा नियम. त्यामुळे दिवाळीतला फोटो होळीला हातात यायचा आणि त्यात कोणाचे तरी डोळे मिटलेले असायचे. आता त्याच माणसाच्या हाती हजारो फोटो मावणारे कार्ड आले आहे. पहिल्या दिवशी तो जुन्या सवयीने प्रत्येक फोटोआधी श्वास रोखतो, सगळ्यांना सरळ उभे करतो आणि एकच फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी फुकट आहे हे ध्यानात येते आणि एका बगळ्याचे चाळीस फोटो निघतात. बगळा तोच, पाय तोच वर. घरी गेल्यावर चाळीसपैकी एकही पुसवत नाही, कारण जुन्या काळी प्रत्येक फोटोला पैसे पडायचे हे हाताला अजून आठवते.

कॅमेऱ्याबरोबर अनेक खिशांचे जाकीट येते. त्यातल्या एका खिशात बॅटरी, उरलेल्यांत रक्तदाबाच्या गोळ्या, लिमलेटच्या गोळ्या, चष्म्याची दुसरी जोडी, टोपी आणि घरून बळेच दिलेला चिवडा. तिपाई या साधनाबद्दल मात्र नवख्याला सावध करणे भाग आहे. पालघर जिल्ह्यात गेली काही वर्षे बुलेट ट्रेन, महामार्ग आणि बंदर यांच्यासाठी जमिनी मोजायला माणसे येत आहेत आणि ती सगळी तीन पायांचे काहीतरी घेऊनच येतात. माळावर तिपाई उभी राहिली की दहा मिनिटांत दोन-चार माणसे जमतात आणि प्रश्न येतो, ‘मोजणी कसली?’ सूर्यास्ताचा फोटो काढतो आहे, या उत्तरावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. सूर्य तर रोजच मावळतो. त्यासाठी कोणी मुंबईहून कशाला येईल? एकदा तलाठ्याचे नाव निघाले की तिपाई घडी करून ठेवणे श्रेयस्कर.

गाडीतली जागा हा छायाचित्रणाचा अर्धा भाग आहे. जाणकार चाकावरची सीट टाळतात, कारण तिथे गुडघे हनुवटीशी येतात आणि कॅमेरा धरायला जागा उरत नाही. मागच्या बाकावर उंच उडण्याचा अनुभव मिळतो, फोटो मिळत नाही. डावीकडची की उजवीकडची खिडकी हे दरीवर ठरते, आणि दरी वळणावळणाला बाजू बदलते, म्हणून हा वाद आजवर निकालात निघालेला नाही. खिडकीची काच हा स्वतंत्र विषय आहे. जी उघडायला हवी ती अडकलेली असते आणि जी बंद व्हायला हवी ती पावसात सरकत नाही. अडकलेल्या काचेतून फोटो घेतला तर डोंगरावर फोटोग्राफरचे स्वतःचे तोंड उमटते, त्याच्या मागे शेजाऱ्याचे. उघड्या खिडकीला आडवा गज असतो, तो डोंगराच्या बरोबर मध्ये येतो. कॅमेरा गजाबाहेर काढावा तर वाहकाचा आवाज येतो, ‘काका, हात आत!’ हा आवाज ऐकल्यावर निम्म्या गाडीचे हात आत जातात.

एक तांत्रिक बाब. चालत्या गाडीतून फोटो हलतो हे सर्वांना माहीत असते. एसटी उभी असून इंजिन चालू असेल तेव्हा तो जास्त हलतो, हे अनुभवानेच कळते. खिडक्या, गज, सीटा आणि प्रवाशांच्या मांडीवरचे डबे एका सुरात थरथरत असतात. गाडी वेगाने धावू लागली की ही थरथर बरीच कमी होते. म्हणून थांब्यावर ‘आता निवांत घेतो’ म्हणणाऱ्याला धूसर फोटो मिळतात, आणि घाटात घाबरत घेतलेला एखादा लख्ख येतो. फार चांगली चौकट जुळली की वाहक दोनदा घंटा देतो. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ‘आणखी एक घेऊ द्या’ यासाठी घंटेचा संकेत ठरलेला नाही.

जव्हारचे एसटी स्थानक हे या छंदाचे मुख्य कार्यक्षेत्र, जरी कोणत्याही पर्यटन पत्रकात त्याचे नाव नसले तरी. इथे माणसे बसलेली असतात, वाट बघत असतात, आणि वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा फोटोसाठी तयार केलेला नसतो. आश्रमशाळेची पोरे ट्रंक घेऊन बसलेली असतात. कुटीर रुग्णालयातून सुटी मिळालेली बाळंतीण आणि तिच्याबरोबर आलेले चौघे, त्यांतले दोघे कशासाठी आले हे त्यांनाही माहीत नसलेले. बाजाराच्या दिवशी करटुली, अळंबी, शेवळे अशी रानभाजी टोपल्यांतून उतरते. दिवाळी उलटली की स्थानकाचा चेहरा बदलतो: भांडी, गोधड्या, कोंबडी आणि लहान मुले असा अख्खा संसार बांधून कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांकडे निघतात आणि होळीला परततात. निसर्गदृश्यांच्या शोधात आलेल्या माणसाने इथेच थांबावे. स्थानकात काढलेला तास बहुधा धबधब्यापेक्षा जास्त देऊन जातो. धबधब्याचे फोटो एकसारखे येतात आणि ते आधीच सगळ्यांकडे आहेत.

तरी स्थळे सोडता येत नाहीत. जव्हारला ‘ठाण्याचे महाबळेश्वर’ म्हणायची पद्धत आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ही उपाधी दुरुस्तीच्या प्रतीक्षेत आहे. जय विलास राजवाड्यात चित्रपटांची चित्रीकरणे झालेली असल्यामुळे तो सर्वांना कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. शिरपामाळावर १६६४ च्या सुरत स्वारीला निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम पडल्याचे सांगतात, आणि जव्हारच्या राजाने तिथे त्यांना शिरपेच अर्पण केला म्हणून माळाला हे नाव पडले, असेही. स्वारीच्या वेळापत्रकात आणि एसटीच्या वेळापत्रकात एक साम्य असे की दोन्हींत मुक्काम कुठे पडेल हे निघताना सांगत नसत.

जव्हार राज्याच्या स्थापनेची कथाही फोटोग्राफरने ऐकून ठेवावी. मूळ पुरुष जयबा मुकणे याने एका सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हसून हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्यांनी घेरले तेवढे राज्य ताब्यात घेतले. कार्थेजच्या राणीबद्दलही हीच कथा सांगतात, पण जव्हारकरांना त्याचे सोयरसुतक नाही. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याची राजेपदवी मान्य केली. हनुमान पॉइंटवर उभे राहून मोबाइलमधला पॅनोरमा फिरवणारा निवृत्त गृहस्थ जयबाच्याच पद्धतीने काम करत असतो. छोट्या चौकटीच्या पट्ट्या जोडून जमेल तेवढा मुलूख घ्यायचा. मध्येच कोणी आडवे गेले तर त्या माणसाला तीन पाय येतात, एवढाच फरक.

सनसेट पॉइंटचे दुखणे वेगळे आहे. उजेड सोनेरी होण्याची वेळ आणि मुंबईकडची गाडी सुटण्याची वेळ यांचे आजवर पटलेले नाही. अर्धा सूर्य बुडाला की मागे स्थानकाकडे बघावे लागते. पुष्कळ निवृत्तांच्या संग्रहात जव्हारचा सूर्य क्षितिजापासून वीतभर वरच अडकून पडलेला आहे. दाभोसा धबधबा जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर, लेंडी नदीचा ३०० फुटांचा कडा. गाडी धबधब्याजवळ नेऊन सोडत नाही. उतरायचे, चालायचे, दगडी वाट उतरायची आणि ती पुन्हा चढायची. या भागात पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि धबधबा जोरात असतो तेव्हा धुकेही जोरात असते. आवाज ऐकू येतो, धबधबा दिसत नाही. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी जाकिटात, जाकीट रेनकोटात अशी व्यवस्था झाल्यावर धुके दोन मिनिटे बाजूला होते. पिशवीची गाठ सुटेपर्यंत ते परत येते.

मोखाड्याकडे जाणाऱ्यांनी बोहाडा गाठावा. होळीनंतरच्या उन्हाळ्यात देवदेवतांची, राक्षसांची सोंगे रात्रभर वाजतगाजत नाचवली जातात. संबळ आणि सनई वाजत असते आणि एकेक मुखवटा गर्दीतून पुढे येतो. मुखवटा जवळून पाहिला तर दिसते की त्याचे रंगवलेले मोठे डोळे नुसते रंगवलेले आहेत. नाचणारा बघतो ते खालच्या बारीक भोकांतून. तेवढ्याशा भोकात फ्लॅश चमकला की रावणाला काही क्षण काहीच दिसत नाही, आणि आंधळा झालेला रावण गर्दीत कोणत्या दिशेला जाईल याचा नेम नसतो. म्हणून फ्लॅश बंद. कार्यक्रम पहाटेपर्यंत चालतो. पहाटे खेड्यातली मुक्कामी गाडी तालुक्याला निघते. रात्री तिथेच थांबलेले चालक-वाहक तोंड धुऊन तयार असतात, आणि बोहाडा बघून तारवटलेले प्रवासी चढल्याबरोबर झोपतात. या गाडीत काढलेले फोटो उत्तम येतात. कोणी हलत नाही.

जव्हार-मोखाड्याला कॅमेऱ्याची ओळख पावसाळ्यातल्या पर्यटकांनी करून दिलेली नाही. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली तेव्हा मुंबईहून कॅमेरे आले, आणि पुढे तशी बातमी झाली की पुन्हा आले. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या बायकांना फोटो कशासाठी काढतात हे चांगले समजते. धबधब्यासाठी आलेला माणूस धबधब्याकडे तोंड करून उभा राहतो. घराकडे तोंड करून उभा राहणाऱ्याला त्या विचारतात, ‘कशाला काढतोस?’ प्रश्न वाजवी आहे आणि निवृत्त माणसाकडे त्याला पटकन उत्तर नसते. बरीच कॅमेरेवाली मंडळी याच ठिकाणी ‘छान दिसतंय’ असे म्हणून वेळ मारून नेतात. फाटका सदरा, सुरकुत्या आणि चूल यांचे छान दिसणे हे ज्याचे त्यालाच कळत असावे.

एसटीने हिंडणाऱ्याला इथे एक फायदा आहे. गाडीवाला पर्यटक फोटो काढून निघून जातो. एसटीवाल्याला पुढची गाडी येईपर्यंत तिथेच बसावे लागते. बसला की बोलावे लागते. बोलता बोलता गाव, मुले, गुडघेदुखी, पेन्शन किती मिळते हे सगळे निघते, आणि शेवटी म्हातारी स्वतःच डोक्यावरचा पदर सारखा करते आणि सांगते, ‘काढ आता. पण देशील कवा?’

या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय छंद पुरा होत नाही. मोबाइलवर पाठवतो म्हणून चालत नाही. नंबर नातवाचा असतो, नातू भट्टीवर असतो. कागदावरचा फोटो द्यावा लागतो. पोस्टकार्डाएवढी प्रत काढायला फार खर्च येत नाही. ती पोचवायची तीच गाडी पुन्हा पकडून. दुसऱ्या खेपेला ओळख असते, चहा असतो, आणि पहिल्या खेपेला नाही म्हणणारे शेजारचे दोघे अंघोळ करून तयार असतात. पुष्कळ घरांत आधारकार्डावरचा सोडला तर म्हाताऱ्या माणसाचा दुसरा फोटो नसतो, आणि आधारकार्डावरच्या फोटोत माणूस ओळखू येत नाही हे सर्वमान्य आहे. पुढेमागे हार घालायची वेळ आली की घरचे एसटीच्या खिडकीत काढलेला तोच फोटो मोठा करून घेतात. फोटोग्राफरला ते कळतही नाही. प्रदर्शने, स्पर्धा, पारितोषिके यांच्यात रमणाऱ्या निवृत्तांपेक्षा हा पाकिटे घेऊन हिंडणारा निवृत्त छंदात पुढे गेलेला मानावा.

वाहकांच्या बोलण्यावरून छंदात गेलेली वर्षे मोजता येतात. सुरुवातीला ‘साहेब, कुठलं देऊ?’, मग ‘काका, नेहमीचंच ना?’, आणि शेवटी काहीच न विचारता तिकीट हातात. या शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाला अडचण फार नसते; गाडी कुठे थांबवायची हे वाहकच ठरवतो. अडचण नवख्याची. त्याने जव्हारला उतरल्याबरोबर पहिला फोटो स्थानकातल्या वेळापत्रकाच्या फलकाचा घ्यावा, आणि लगेच चौकशी खिडकीत डोकावून परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तोंडी विचारून घ्यावी. फलकावरची वेळ आणि गाडीची वेळ जुळली नाही तर फोटो पुरावा म्हणून दाखवता येतो, पण त्या पुराव्यावर घरी जाता येत नाही.